आतल्यांना दार अडत नाही

१

लग्न होऊन मी ड्वेनच्या घरी राहायला आले ती ऑक्टोबरात, आणि पहिल्याच दिवशी न्हाणीघराच्या दाराने मला कोंडून घातलं. मी आतून दोन्ही हातांनी मूठ धरून ओढत होते आणि पलीकडून माझ्या सासूबाई, आयरीन हॅल्वरसन, शांतपणे सांगत होत्या, "आधी उचल, बाळ. उचल आणि मग ओढ. नुसती ओढू नकोस, त्याला आवडत नाही."

त्या घरातली सगळी दारं अशीच होती. ड्वेनच्या आजोबांनी स्वतः बसवलेली, जाड ओकची. ड्वेन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला तर कळतही नसे. मी गेले की दार असं कोकलायचं की शेजारच्या कुत्र्याने कान टवकारावेत. महिन्याभरात सासूबाई आपल्या बहिणीकडे ॲरिझोनाला उबेत राहायला निघून गेल्या आणि घर आमच्या दोघांचं झालं. म्हणजे कागदोपत्री. दारांना कुणी कळवलं नव्हतं.

गंमत म्हणजे ड्वेन गावाबाहेरच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात कामाला होता. दिवसभर लोकांची दारं तासायची आणि घरी येऊन बायकोला सांगायचं, "होईल तुला सवय." आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हे वाक्य थंडीला चालतं, सासरला चालतं आणि मेलेल्या माणसाच्या रिकाम्या खुर्चीलाही चालतं.

मला त्या घरात फार काही नको होतं. पडदे सासूबाईंचेच राहिले, भिंतीवरचा पेंढा भरलेला, टपोऱ्या डोळ्यांचा मासाही राहिला. एखादं दार एकदा तरी माझ्यासाठी तसं उघडावं, जसं त्याच्यासाठी उघडतं, एवढीच इच्छा होती. ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. बोलून दाखवण्यासारखी ती नव्हतीच.

रविवारी चर्च आणि जेवण उरकलं की दुपारी तळघरात खेळ असे. टेबलटेनिसच्या जुन्या टेबलावर ड्वेन आपला खेळ रचत होता. त्या हिवाळ्यात आमच्या भागात बऱ्याच तळघरांतून असले खेळ शिजत होते, प्रत्येकाला आपलाच सगळ्यांत चांगला वाटत होता. ड्वेनचा असा: तो स्वतः पंच. त्याच्यापुढे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा आडवा उभा केलेला, आणि पुठ्ठ्यामागे एका भुयाराचा खरा नकाशा. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या भुयारात उतरायचं, म्हणजे खुर्चीतच बसून "मी डावीकडे वळतो" असं म्हणायचं. पुढे काय दिसतं ते ड्वेन सांगणार आणि काय घडतं ते फासे ठरवणार.

खेळणारे दोघं. व्हर्न चीजच्या कारखान्यात होता, अंगाने दाराएवढा आणि आवाजाने त्याहून मोठा. लोवेल शाळेत विज्ञान शिकवायचा आणि फासा टाकण्याआधी काय पडण्याची शक्यता किती ते सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना. टोळीतल्या एकाने ऐकत ऐकत नकाशा काढायचा असतो, नाहीतर परतीची वाट सापडत नाही. लोवेलचा नकाशा नेहमी स्वतःलाच छेदून जायचा. शेवटी व्हर्न म्हणाला, "मार्लिसला द्या ना. ती तशीही जिन्यात बसून ऐकतेच आहे."

अशी मी नकाशेवाली झाले. पण पात्र घेतल्याशिवाय भुयारात येता येत नाही. ड्वेनने विचारलं, "नाव काय तिचं?"

मला काही सुचेना. "मार्लिस," मी म्हटलं.

"स्वतःचं नाव?" व्हर्नने टेबलावर थाप मारली. "अगं बाई, असं करत नसतात! माझा बघ, ग्रिमबोल्ड कुऱ्हाड्या. हा मेला तर मी घरी जाऊन जेवतो. तुझी मार्लिस मेली तर या माणसाला वाढणार कोण?"

"त्याला हात आहेत."

लोवेलने समजूत घातली की नवखे सगळे हीच चूक करतात. दुसऱ्या पात्रापासून शहाणे होतात. मी बदलायला तयार होते. पण ड्वेनने नाव लिहून टाकलं होतं, आणि पंचाने लिहिलेलं खोडायचं नाही हा त्याचाच नियम होता.

२

ड्वेन पेन्सिलीने नियम लिहायचा आणि सोमवारी मी ते स्वयंपाकघरात टाइप करायची. दारांचा नियम जानेवारीतला. भुयारातली सगळी दारं बाहेरून आलेल्यांना अडतात. खांदा मारायचा, फासा टाकायचा, नशिबात असेल तर उघडतं. उघडल्यावर पाचर मारली नाही तर ते पुन्हा आपोआप लागतं. भुयारात जे राहतात त्यांना मात्र कुठलंच दार अडत नाही.

"हा अन्याय आहे," व्हर्न म्हणाला. "दार तेच, बिजागरी तीच. आम्ही खांदे मोडून घ्यायचे आणि ते लेकाचे शिट्टी वाजवत जाणार?"

"दाराला कळतं घरचं कोण ते."

"दाराला काय कळणार! लाकूड ते."

"लाकडात ओलावा धरतो," लोवेलने सुरुवात केली.

मी नकाशावरून मान वर न करता म्हटलं, "नियम बरोबर आहे." तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण मी सहसा बोलत नसे. "स्वानुभव आहे," मी म्हटलं.

व्हर्न इतका हसला की त्याच्या खुर्चीने तक्रार केली. ड्वेनचे कान लाल झाले. पण तोही हसला.

मग त्याने नियमाचं पुढचं कलम वाचलं. खांदा मारूनही दार उघडलं नाही, तर आत जे असतील त्यांना कळतं. ते तयार होतात.

"तयार होतात म्हणजे काय करतात?" लोवेल.

"दाराकडे तोंड करून उभे राहतात."

"आणि दिसतात कसे?"

"ते अजून ठरवलेलं नाही," ड्वेन म्हणाला, आणि मला वाटतं त्याला त्या न ठरवण्याचा थोडा अभिमान होता. इतरांच्या खेळांत शिंगं, नखं, शेपट्या यांच्या याद्या असत. त्याच्या भुयारात नुसते 'आतले' होते.

त्याच दुपारी व्हर्नने तो प्रश्न काढला. बटाट्याचे वेफर खात खात, अगदी सहज. "समजा, आपल्यातलाच कुणीतरी आत फार राहिला. वाटा पाठ झाल्या, वळणं पाठ झाली. मग त्याला दारं अडणार की नाही अडणार?"

ड्वेनने पेन्सिल कानामागे खोचली. आनंद झाला की तो तसं करतो. पुढच्या सोमवारी मी नवा नियम टाइप केला: नकाशा ज्याच्या हातात, त्याने प्रत्येक फेरीच्या शेवटी फासा टाकावा, सहा पडला तर तो आतला झाला असं समजावं, त्यापुढे त्याला कुठलंही दार अडणार नाही.

"आणि मोबदला?" लोवेलने विचारलं होतं. "फुकट काही द्यायचं नसतं, ड्वेन. त्याने बदल्यात काय गमवायचं?"

"ते पाहू नंतर."

म्हणून त्या कलमाखाली मी एक ओळ मोकळी सोडली. कागदावर ती ओळ फार मोठी दिसायची. मी एकदा तिथे काहीबाही टाइप करायला बोटं उचलली होती, पण तो माझा खेळ नव्हता.

३

मार्चमध्ये माझा सहा पडला.

"झाली!" व्हर्न ओरडला. "बाईसाहेब आतल्या झाल्या! आता ग्रिमबोल्डने खांदा कशाला मोडायचा? मार्लिस पुढे, आम्ही मागे. लेडीज फर्स्ट!"

त्या दिवसापासून टोळी दारापाशी आली की सगळे माझ्याकडे बघत. मी म्हणायची, "उघडते," आणि ड्वेन म्हणायचा, "उघडलं." फासाही टाकावा लागत नसे. मला त्यात गंमत वाटत होती. आयुष्यात इतक्या सहज मला कुणी पुढे केलं नव्हतं.

सहा पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी धुतलेल्या कपड्यांची टोपली दोन्ही हातांनी धरून तळघरातून वर येत होते. जिन्याच्या माथ्यावरचं दार त्या घरातलं सगळ्यांत हट्टी. टोपली खाली ठेवायची, मूठ धरायची, उचलायचं, ढकलायचं. त्या दिवशी टोपली ठेवायच्या आत माझा कोपर दाराला लागला आणि दार उघडलं.

आवाज न करता.

मी टोपली ओट्यावर ठेवली. परत गेले, दार लावलं, एका बोटाने ढकललं. उघडलं. मग न्हाणीघराचं. मग माडीवरच्या खोलीचं. मी घरभर एका बोटाने दारं उघडत फिरले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. दाराला बोलता आलं असतं तर मी आभार मानले असते. संध्याकाळी जेवताना मी ड्वेनला सांगितलं, म्हटलं, घर तापवणारी भट्टी रात्रंदिवस चालू असते, घरातली हवा कोरडी होते, लाकूड आक्रसलं असणार.

"म्हटलं नव्हतं, सवय होईल?" तो म्हणाला. त्याला माझ्यासाठी बरं वाटलं होतं. मग तो खालून केचपची बाटली आणायला उठला आणि तळघराच्या दारापाशी थबकला. मूठ फिरवली. पुन्हा फिरवली. मग खांदा लावला.

"अरेच्चा," तो म्हणाला.

४

एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला. माती ओली झाली, हवा ओली झाली, आमची भट्टी बंद झाली. म्हणजे लाकूड फुगायला हवं होतं आणि माझी पुन्हा पंचाईत व्हायला हवी होती. झालं उलटं. मला दारं हलकी होत गेली आणि ड्वेनला जड.

तो दारं बनवणारा माणूस. त्याला ते लागलं. त्याने तळघराचं दार बिजागरीवरून उतरवलं, अंगणात आडवं टाकलं आणि रंधा मारला. गवतात लाकडाच्या सुरळ्या पडल्या. पुन्हा बसवलं तेव्हा दार आणि चौकट यांच्या फटीतून जेवणाची सुरी सहज फिरायची. मी फिरवून पाहिली. कुठेही टेकत नव्हती. तरीही ड्वेनला खांदा लावावा लागायचा. दार कुठे अडतंय ते दिसत नव्हतं. ते नुसतं अडत होतं.

लोवेलने शाळेतून पाणसळ आणली. "वसंतात बर्फ वितळला की जुन्या घरांचे पाये हलतात. चौकट तिरकी झाली असणार." त्याने ती सगळ्या चौकटींना लावून पाहिली. बुडबुडा मधोमध येऊन थांबायचा. लोवेलने पाणसळ हलवून पाहिली, उलटी धरून पाहिली आणि मग म्हणाला की पाणसळ जुनी आहे.

व्हर्न न्हाणीघरात अडकला. आतून त्याचा आवाज आला, "हॅल्वरसन! मी तुझं दार मोडणार आहे, बिल शाळामास्तरला पाठव!" मी गेले आणि हात पुढे केला. दाराला बोट लागण्याच्या आधी ते उघडलं. व्हर्न पॅन्ट सावरत उभा होता.

"काय केलंस?"

"काही नाही."

"जादूगारीण आहेस तू," तो हसून म्हणाला. पण बाहेर येताना तो मला वळसा घालून गेला, तेवढी जागा त्या बोळात नसताना.

बोट लागण्याच्या आधी. हे मी स्वतःशी बरेच दिवस घोळवलं. बोट लागलं असेल आणि मला जाणवलं नसेल. चालताना लाकडी जमीन दबते, त्याने दार सुटत असेल. अशी कारणं मला भरपूर सापडायची; प्रत्येक कारण एका दाराला लागू पडायचं, आणि घरात दारं पुष्कळ होती.

रविवारचा खेळ चालूच होता. ऑगस्टमध्ये तळ्याकाठच्या गावात खेळणाऱ्यांचा मेळावा भरतो, तिथे ड्वेनला आपला खेळ मांडायचा होता. टोळी आता भुयारात फार खोल गेली होती. एका दुपारी मी म्हटलं, "उघडते," आणि ड्वेन म्हणाला, "उघडलं. आत आतले आहेत."

व्हर्नने कुऱ्हाडीसाठी फासा उचलला.

"थांब," लोवेल म्हणाला. "मार्लिस आतली आहे ना? तिला बघून ते काय करतात?"

ड्वेनने पुठ्ठ्यामागे पाहिलं. "सरकतात," तो म्हणाला. "जागा करतात."

"किती?"

"एका माणसाची."

व्हर्नने हळूच शिट्टी वाजवली. ड्वेन मात्र कागद उलटेपालटे करत होता. रात्री भांडी पुसताना तो म्हणाला, "ते सरकण्याचं माझ्याकडे लिहिलेलं नाहीये. बोलून गेलो. चांगलं आहे, नाही?"

"ड्वेन, माझं नाव खोड ना त्या कागदावरून. दुसरं काहीतरी ठेवू."

"आता?" तो खरंच गोंधळला. "अगं, तुझ्यामुळेच तर हा खेळ उभा राहिलाय. बाकीच्यांच्या खेळात असं काही नाही. मेळाव्यात लोक तुझीच गोष्ट सांगतील."

आमच्याकडची माणसं बायकोचं कौतुक वर्षातून एकदा करतात, तेही दुसऱ्या कुणाजवळ. मी ताटली पुसत राहिले. नाव तसंच राहिलं.

५

मे महिन्यातला रविवार. चर्चमधून येऊन मी कपडे बदलले. व्हर्न आणि लोवेल जेवायलाच येणार होते. बेत आमच्याकडच्या हॉटडिशचा होता, खिमा-बटाटे एकत्र भाजतात तिचा. मी सासूबाईंनी घातलेली सिरक्यातली बिटं आणायला खाली गेले.

बरण्यांची कोठी तळघरात जिन्याखाली होती. बुटकं दार, आत ढकलायचं. दोन्ही बाजूंना फळ्या, मध्ये एकाच माणसाने उभं राहण्याइतकी वाट, पलीकडे दगडी भिंत. मी पोचेपर्यंत दार उघडलेलं होतं. आत गेले. माझ्यामागे ते लागलं. तेही आता नेहमीचंच झालं होतं.

दिव्याची दोरी ओढली, दिवा लागला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. बिटं कुठे आहेत ते ठाऊक होतं. ड्वेनने हेही दार रंधून ठेवलं होतं, त्याच्या कडेने उजेडाची एक उभी रेघ आत येत होती. मी बरणी काढली आणि दाराकडे वळले.

माझ्यापुढे कुणाची तरी पाठ होती.

चर्चच्या तळघरात मासळीच्या जेवणाला रांग लागते, तेव्हा लोक जसे उभे राहतात तशी. घाई नसलेली, खांदे थोडे पडलेले, वाढणाऱ्याकडे तोंड. त्या पाठीपुढे आणखी एक पाठ. ओल्या लोकरी कोटाचा वास येत होता. त्या कोठीत एवढी माणसं मावत नाहीत. दार आणि मी यांच्यात अंतरच तेवढं नव्हतं. हे मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं, आणि कळून काही फरक पडत नव्हता. सगळे दाराकडे तोंड करून उभे होते. मानेमागे कुणाचा तरी श्वास लागला. थंड होता, पण बेताचा, रांगेत मागच्याचा लागतो तसा. म्हणजे माझ्यामागेही होते. पुढच्याच्या आणि मागच्याच्या मध्ये एका माणसाची जागा होती आणि मी तिच्यात उभी होते.

"मार्लिस?" बाहेरून ड्वेनचा आवाज आला. "आहेस का आत?"

त्याने मूठ फिरवली आणि खांदा मारला. दार उघडलं नाही.

पुढच्या पाठी सरळ झाल्या. सगळ्या एकदम नाही, एकामागून एक.

त्यांना माझ्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना दाराशी होतं, आणि दारापलीकडे ड्वेन होता. चर्चचा शर्ट घातलेला, बाह्या दुमडलेला, बायको अडकली म्हणून दुसऱ्यांदा खांदा मारायला दोन पावलं मागे गेलेला. त्याची पावलं मी ऐकली.

मी पुढे सरकले. माझ्यापुढची पाठ बाजूला झाली. अगदी सभ्यपणे, 'जा, तुला आधी जायचंय' असं म्हटल्यासारखी. त्यापुढचीही. मी दाराला हात टेकला आणि दार माझ्या हाताखाली उघडायला बघू लागलं. ते किती हलकं होतं! त्या घरात आल्यापासून मला जसं हवं होतं अगदी तसं. मी बरणी पोटाशी धरून सगळं अंग त्याच्यावर टाकलं आणि ते लावून धरलं. तेवढ्यात पलीकडून ड्वेनचा खांदा आदळला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं मिळून एका दाराला लागलो होतो, दोन बाजूंनी.

"ड्वेन, ढकलू नकोस."

"अडकलीस ना? सुटतंय बघ, आता एक—"

"नको म्हटलं ना. वर जा."

"वर? कशाला?"

"हॉटडिश करपतेय."

"मार्लिस, हॉटडिश अजून ओव्हनमध्ये ठेवलेलीच नाही."

"मग ठेव."

माझ्या दोन्ही बाजूंनी ते दाराजवळ आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. डोळ्यांच्या कडेला एक कान दिसला, आणि कानाच्या पुढे जिथे गाल सुरू व्हायला हवा तिथे तो सुरू होत नव्हता. तेवढंच. मी डोळे दारावरच्या लाकडाच्या रेषांना लावले.

बाहेर ड्वेन दाराच्या अगदी जवळ आला असावा, कारण त्याने आवाज खाली आणला. "तुझ्याबरोबर आत कोण आहे?"

मी काय सांगणार होते? कोणी नाही म्हटलं असतं तर तो आत आला असता. आहे म्हटलं असतं तरी आलाच असता, त्याचा स्वभाव तसा आहे.

"तू वर जा," मी म्हटलं. "वरचं दार लावून घे. माझी मी येते. ड्वेन, माझं एकदा तरी ऐक."

तो उभा राहिला. मग पावलं निघाली, जिना चढली. वरच्या दाराला तो खांदा मारत असलेला मला ऐकू आला, दोनदा, तीनदा. मग ते उघडलं आणि लागलं. पाठी हळूहळू पुन्हा पडल्या.

मी हात काढून घेतला. दार उघडलं. मी बाहेर आले, तळघर ओलांडलं, जिना चढले. माझ्यामागून कुणी बाहेर आलं नसावं. मी मागे वळून पाहिलेलं नाही.

६

ओव्हन चालू होता आणि हॉटडिश आत होती. झाकण काढायचं ड्वेन विसरला होता. तो टेबलाशी खांदा धरून बसला होता. मी बिटं वाडग्यात काढली. व्हर्न आणि लोवेल आले, आम्ही चौघं जेवलो, ड्वेनने सांगितलं की आज खेळ नाही. व्हर्नने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "नवराबायकोचं भांडण दिसतंय," तो लोवेलच्या कानात म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आम्ही त्याला तसं समजू दिलं.

त्या आठवड्यात ड्वेनने माझं नाव खोडलं. नुसतं खोडलं नाही, कागद फाटेपर्यंत रबर घासलं. नियमही मोकळ्या ओळीसकट काढला, आणि ते पान मी पुन्हा टाइप केलं. ऑगस्टच्या मेळाव्यात त्याचा खेळ बरा गेला. खेळणारे म्हणाले, चांगला आहे, पण असे पुष्कळ आहेत. ड्वेन म्हणाला, हो, असतील.

नाव खोडल्याने दारांना काही फरक पडला नाही.

पानगळीआधी आम्ही घर सोडलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं की जुन्या घराची देखभाल झेपत नाही. त्या म्हणाल्या, "कुणाला सवय होते, कुणाला नाही होत." त्यांनी आणखी काही विचारलं नाही आणि मीही नाही. आता आम्ही हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीत राहतो. इथली दारं ड्वेनच्या कारखान्यातलीच आहेत, पातळ, आतून पोकळ. ती सगळ्यांना सारखीच उघडतात. लहान मूलही उघडेल.

ड्वेन मात्र टकटक करतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीच्या दारावर. मी आत असले तर तो मुठीला हात लावत नाही. बाहेर उभा राहून विचारतो, "एकटीच आहेस ना?" त्यात चेष्टा नसते, रागही नसतो. एखाद्याने ओव्हन तापलाय का विचारावं तसं विचारतो.

आणि मी लगेच हो म्हणत नाही. त्या दुपारी त्याने माझं ऐकलं होतं, न समजता, एका शब्दावर. अशा माणसाला पाहिल्याशिवाय उत्तर देणं बरं नव्हे. म्हणून मी हातातलं काम ठेवते, खोलीभर नजर फिरवते, कपाटाच्या बाजूला पाहते, पडद्याशी पाहते. मग म्हणते, "एकटीच आहे. ये." तो येतो. आम्ही दिवसभराचं बोलतो. बरं चाललंय आमचं.

गुरुवारी तो कामावरून आला तेव्हा मी खिडकीशी बसून त्याच्या शर्टाची गुंडी लावत होते. टकटक झाली. त्याने विचारलं. मी सुई टोचून ठेवली आणि खोलीभर नजर फिरवली.

"ड्वेन," मी म्हटलं, "जरा थांब."

तो थांबला. दाराखालच्या फटीत त्याच्या बुटांची सावली दिसत होती, अजिबात न हलणारी. बराच वेळ तो तिथेच उभा होता, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.